चार ओहमच्या खाली नको

जीपच्या सीटखाली ज्याचं आयुष्य गेलं, तो मी अ‍ॅम्प्लिफायर आज गोठ्यातल्या फळीवरून बोलतोय. दुसऱ्यांचा आवाज मोठा करता करता स्वतःचं काही सांगायचं राहूनच गेलं.

२००६ साली मुळशीत भिवाजींची धरणाजवळची जमीन एका रिसॉर्टला गेली आणि त्या पैशातून त्यांच्या किशोरनं जीप घेतली. जीपपाठोपाठ पुण्याहून मी आलो, आणि माझ्याबरोबर दोन दांडगे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर. घुमायचं त्यांनी, त्यांना ताकद पुरवायची मी.

माझी एकच अट होती, पाठीवरच छापलेली: चार ओहमच्या खाली नको. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं माप. अडथळा जितका कमी, तितकी वीज माझ्या अंगातून ओढली जाते. दोन्ही सबवूफर चार-चार ओहमचे. एकसर, म्हणजे एकामागोमाग जोडले की आठ होतात; आवाज थोडा कमी, पण मी सुखात. समांतर, म्हणजे दोघांच्या तारा वेगवेगळ्या थेट मलाच जोडल्या की दोनच उरतात आणि माझी होळी होते.

हे किशोरला पक्कं ठाऊक होतं. तारा त्यानं स्वतः जोडल्या. धाकटी बहीण रेश्मा शेजारी उभी होती.

"दादा, असं जोडलं तर आवाज कमी न्हाई का येणार?"

"येऊ दे की. ह्यो जळला मंग? ह्याला मी जपणार हाय."

मी हुरळलो. दोन वर्षं जीव तोडून वाजलो. ताम्हिणीच्या पावसात जीप आतपर्यंत भिजली तरी कधी कुरकुरलो नाही.

मग रेश्माचं लग्न ठरलं, नवरा लवळ्याचा. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, तेवढा वेळ वऱ्हाड देवळापुढं थांबतं. तिथं पाहुण्यांची जीप आमच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या आवाजानं घरांचे पत्रे थरथरले. त्यांच्यातलं कुणीतरी ओरडलं, "किशोरभाऊ, तुमचा रेडिओ चालू हाय का?"

सगळे हसले. किशोरचं तोंड उतरलं. तो सीटखाली वाकला, तारा सोडल्या आणि समांतर जोडल्या. त्याच हातांनी!

मी लाल दिवा लावला आणि बंद पडलो. आमच्या जातीचा आरडाओरडा तो एवढाच. किशोरनं दिवा पाहिला, आणि मला पुन्हा चालू केलं. मग माझा फ्यूज उडाला. तरी त्याला दया आली नाही. फ्यूजच्या जागी त्यानं तांब्याची जाड तार कोंबली. आता मला थांबायचीही सोय उरली नाही.

एक गाणंभर मी असा वाजलो की पाहुणे गप्प झाले. किशोरला भावकीनं खांद्यावर घेतलं. तेवढ्यात सीटखालून धूर निघाला.

"मालच खोटा निघाला," किशोर मांडवभर सांगत फिरला. दगा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. जळण्यानं एवढं लागलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पाचपरतावणाला रेश्मा माहेरी आली. मला फळीवर बघून थबकली.

"दादा, तारा बदलल्या हुत्यास का?"

किशोरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई गं. ह्योच कच्चा हुता."

तिनं मान डोलावली. भावावर तिचा विश्वास आहे. माझाही होता.

उद्या भंगारवाला येणार आहे म्हणे. किशोर, मला खुशाल दे. पण मी कच्चा होतो, असं त्याला तरी सांगू नकोस.