वीतभर तार

“दीदीनं तो चौकोन एकदा तरी पाहिला असेल का?”

जगदीशने हे आईला विचारलं, दीदीच्या मैत्रिणीला विचारलं, सरांनाही विचारलं. उत्तर फक्त मला ठाऊक आहे. मी एकताचा मोजणीचा डबा बोलतोय.

मी हातात मावेन एवढाच आहे. समोर आठ छोटी दारं. दारातून वीज आत आली की मी ती क्षणाक्षणाला मोजतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिचं चित्र काढतो. पदरचं काही घालत नाही. दारात जे येईल तेच दाखवतो.

मदन महल स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत मी एकताकडे आलो. ती इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने स्वतः एक सर्किट बनवलं होतं, सेकंदाला लाखभर ठोके देणारं. प्रत्येक ठोक्यात वीज सरळ उभी चढायची, थोडी सपाट चालायची आणि सरळ खाली उतरायची. पडद्यावर दिसायला हवा नीटस चौकोन.

जगदीश तिचा धाकटा भाऊ. आठवीत शाळा सोडून मोटारी भरायच्या दुकानात लागलेला. पाटनकडच्या खेड्यांतून जळालेले पंप यायचे आणि हा त्यांच्यात तांब्याची तार गुंडाळायचा. डोकं गरम, पण हात सोन्यासारखा.

सर्किट मला जोडून बघण्याआधीच एकता आजारी पडली, अंथरुणाला खिळली. टेबल खिडकीपाशी, पलंग भिंतीशी. जगदीशने त्याच संध्याकाळी दुकानातली लांब तार आणून टेबलावरच्या सर्किटला जोडली आणि मला पलंगावर तिच्या उशाशी ठेवलं. उरलेली तार त्याने एका रिकाम्या रिळावर वीस वेढे घालून चापून गुंडाळली. सवयच ती.

“घे दीदी. आता झोपल्या झोपल्या कर काम. तार पायात बी नाही येणार.”

“वा रे माझ्या इंजिनीअरा!”

पण पडद्यावर पहिल्यांदाच आलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यांना शिंगं फुटली. कडा लटपटायला लागल्या. एकदा कॉलेजचे मुरलीधर सर तिला बघायला आले, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बेटा, सर्किट में ही कुछ गड़बड़ है.” ते गेल्यावर एकता बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मग तो मंगळवार. दुपारी घरात कोणी नव्हतं. एकता मला आणि लॅपटॉपला उराशी धरून, भिंतीचा आधार घेत टेबलापर्यंत गेली. तिने जगदीशची तार सोडवली आणि वीतभर तार लावली.

चौकोन! शिंगं नाहीत, काही नाही. ती एकटीच हसली. दम लागेपर्यंत हसली. मग तीच लांब तार तिने पुन्हा होती तशी जोडली आणि माझ्यावर बोट ठेवलं. “जग्गूला सांगू नको हं. बरी झाले की मीच त्याची गंमत करीन.”

दोन दिवसांनी तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

महिन्याभराने कॉलेजात शेवटच्या वर्षाचं काम मांडायचं होतं. सर म्हणाले, सर्किट चाललं तर एकताच्या नावाने ठेवू. पडद्यावर तीच शिंगं बघून जगदीशने मला उचलून गदागदा हलवलं. “अबे, दीदीले खोटं काहून पाडून राहिला तू?” वर एक थापड.

“अरे, मारतोस काय त्याला!” मदतीला आलेली एकताची मैत्रीण चिन्मयी ओरडली. तिने लॅपटॉपची केबल बदलली. माझी सात दारं बंद केली, म्हणजे मी एकाच दाराकडे पूर्ण लक्ष देईन. झालं काय, तर शिंगं आणखी ठळक दिसली! मग तिची नजर रिळाकडे गेली.

“ही तार कोणी लावली?”

“मी. हात नको लावू तिले.”

“जग्गू, मोटारीत वेढे घातले की वीज सरळ जाते का रे?”

वेढ्यांत वीज अडते, उसळते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तो पलंगावर बसला. “म्हणजे मीच.”

मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, दीदीला हे कळलं होतं आणि ती हसली होती.

सगळं घाईने करणारा तो पोरगा त्या दिवशी एकेक वेढा सोडवत बसला. पक्कड हातात धरून थांबला. मग आपल्या वितीने मोजून तार तोडली आणि मला टेबलावर नेऊन त्याच तुकड्याने सर्किटला जोडलं.

चौकोन उभा राहिला. त्याची आई भीमाबाई पदराला हात पुसत आल्या. “हेच का रे? एवढं सरळ?” तेव्हाच त्याने पहिल्यांदा विचारलं, दीदीनं हा पाहिला असेल का.

आता मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, एकताच्या सर्किटाशेजारी. सुखात आहे. तिचं हसू माझ्याकडे जपून आहे. मुलांनो, चित्र वाकडं आलं तर आधी तार बघा, माणसाला नावं नंतर ठेवा. एवढंच मागणं.

मला इथे जगदीशनेच आणलं. पहिल्यांदाच कॉलेजात आला होता, दुकानातल्याच काळ्या हातांनी. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे वाह! किसने ठीक किया?”

चिन्मयीने त्याच्याकडे बोट दाखवलं. जगदीशने नाही म्हणून मान हलवली.

“ठीक कुछ नहीं किया, सर. दीदी का पहले से सही था. तार मेरा गलत था.”