झाकलेला रकाना

मित्रांनो, तसबिरीची चौकट समजून मला बऱ्याच जणांनी उचललं आणि परत ठेवलं. माझ्यात तसबीर कधी बसलीच नाही. मी नोंदवह्या उतरवायची एक जुनी सागवानी चौकट आहे; वहीवर ठेवली की माझ्या फटीतून एकच ओळ दिसते, बाकी पान झाकलेलं राहतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या एका दवाखान्यात क्षयाच्या रोग्यांच्या जाडजूड वह्या होत्या. तारीख, नाव, गाव, औषध, शेवटी वय. एका रोग्याची माहिती शोधायला तासभर जाई. म्हणून कंपाउंडर दयारामनं ठरवलं, दर नावाला एक कार्ड करायचं.

तो सुतारकाम करणाऱ्या नजीर मिस्त्रीला म्हणाला, "नजीरभाई, फट एका ओळीपुरतीच ठेवा. अन् वयाचा रकाना झाकून टाका. वय दरसाल बदलते, ते काय कामाचं?"

नजीरनं मला तसंच घडवलं. मी वहीवर सरकत राहिले. फटीत नाव दिसलं की दयाराम कार्ड काढी. तेच नाव आणि तेच गाव पुन्हा आलं की नोंद त्याच कार्डावर चढवी. चार महिन्यांत सगळ्या वह्या उतरल्या. डॉक्टरांनी मला हातात घेऊन कौतुक केलं. मी किती फुलून गेले होते!

त्या हिवाळ्यात म्हातारी तानुबाई आली. डॉक्टर बाहेरगावी होते. दयारामनं कार्ड पाहिलं.

"तुमचं औषध तं बंद झालं, बाई. 'बरी' लिहेल हाये."

"मंग खोकला काऊन येते, बापू?"

"कमी होईन हळूहळू."

तिनं विश्वास ठेवला. पदर तोंडाशी धरून ती निघून गेली.

दोन महिन्यांनी तिची लेक कोकिळा आली. "माय गेली," एवढंच म्हणाली.

दयारामनं जुनी वही उघडली. या वेळी मला बाजूला ठेवलं. तानुबाई, वय अठ्ठावीस. तानुबाई, वय साठ. दोघी एकाच गावच्या. बरी झाली होती ती तरणी.

"चूक माही हाये, बाई. दोघींले मी एकच समजलो."

"मंग माह्या मायचं कार्ड कुठं हाये?"

दयाराम मला उचलून नजीरकडे घेऊन गेला.

नजीरनं करवतीनं माझी फट वयापर्यंत वाढवली. दयारामनं प्रत्येक रोग्याला वेगळा नंबर दिला आणि पहिल्या पानापासून काम पुन्हा केलं. अशा आणखी सात जोड्या निघाल्या. तो गावोगाव जाऊन त्यांना भेटला. ज्यांचं औषध चुकून थांबलं होतं, त्यांचं पुन्हा सुरू झालं.

आता मी कपाटामागे पडून आहे. तरी वाटत राहतं, माझ्या लाकडाखाली कुणीतरी आहे आणि वर पाहतंय.

मित्रांनो, माणसांची माहिती उतरवायचं काम कधी तुमच्या हाती आलं, तर काही गाळण्याआधी त्या माणसाला एकदा समोर बसवा आणि विचारा, "बाई, तुम्ही कोणत्या?"