हिरव्या शाईची तीस कार्डं

त्या घरात नव्या वर्षाची कार्डं जानेवारीतच घेतली जायची. म्हणजे नुकत्याच लागलेल्या वर्षाची नव्हे, त्याच्या पुढच्या! डिसेंबरात सगळं जग दुकानात कोपर मारत शिरतं तेव्हा आई घरी शांत बसायची, आणि पहिला आठवडा उलटून उरलेला माल अर्ध्या किमतीला निघाला की पिशवी घेऊन बाहेर पडायची. ‘कार्ड काय भाजी आहे, शिळं व्हायला?’ हे तिचं ठरलेलं वाक्य. फक्त कार्डावर सालाचा आकडा छापलेला नाही ना, एवढं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. मग त्याच रविवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून तीसच्या तीस कार्डांवर सह्या करून टाकायच्या. बाबा निळ्या शाईने, आई काळ्या, दादा हिरव्या आणि तोफ दरवर्षी नव्या रंगाने. तोफ म्हणजे घरातलं शेंडेफळ, वय वर्षं पंधरा. तिच्या आवाजाला घाबरून शेजारचं कुत्रंसुद्धा रस्ता बदलायचं, म्हणून तोफ.

तो रविवार यंदाही झाला होता. टोपी घातलेलं अस्वल, तीस कार्डं, चार-चार सह्या. आणि जूनच्या सात तारखेला लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला दादा सहाव्या मजल्यावरून खाली आला. लिफ्टशिवाय.

आता डिसेंबर आला होता आणि तो गठ्ठा कपाटात होता.

“मी ती पाठवणार नाही,” आई म्हणाली. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची; घरीही बोलताना तिचा हात टेबलावरून सपाट फिरत राहायचा. “लोक काय म्हणतील? मेलेल्या माणसाच्या शुभेच्छा?”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “नवी आणू. पण ताईला मात्र त्यातलंच एक जाईल.”

ताई म्हणजे बाबांची मोठी बहीण, तोफेची आत्या. लांब, दीड दिवसाच्या प्रवासावर एकटी राहायची. आई-बाबांच्या पाळीच्या नोकऱ्या होत्या तेव्हा दादा चार वर्षांचा असल्यापासून दहाचा होईपर्यंत तिच्याकडे वाढला होता. आणि आत्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबांनी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. जूनमध्ये आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘टाके निघू देत.’ मग, ‘जरा चालायला लागू दे.’ मग ती चालायला लागली, तर म्हणे, ‘आता कुठे बिचारी चालतेय!’ बस डेपोत अख्खं इंजिन एकट्याने उतरवणारा माणूस, पण हे एक वाक्य त्याला उचलवेना. आत्याचा फोन आला की तोफेला पुढे करायचे. ‘कामावर गेलाय. आंघोळ करतोय. आत्ताच बाहेर पडला, अगदी आत्ता!’ पहिल्यांदा तिची जीभ अडखळली. दहाव्यांदा नाही. तेच तिला जास्त लागलं.

“बाबा, सांगून टाका ना,” ती म्हणाली. “कार्डावर सही पाठवायची म्हणजे हद्द झाली.”

“तू मला शिकवू नकोस.”

“मग मी सांगते.”

“खबरदार!” बाबा जोरात ओरडले. मग खाली बघत म्हणाले, “नव्या वर्षानंतर मी स्वतः जाऊन सांगेन. एवढं एक कार्ड जाऊ दे.”

नवी कार्डं आणायचं काम तोफेकडे आलं. एरवी तिने दुकान डोक्यावर घेतलं असतं. दुकानवाल्या काकूंनी बदकांचा डबा पुढे सरकवला.

“बदकं घे. बदकं खूप जातात.”

“हसणारं काही नको, काकू.”

“मग रडणारी त्या खालच्या खणात. ती काय, बारा महिने खपतात!” काकू म्हणाल्या आणि लगेच त्यांना आठवलं. त्यांनी हात तोंडावर नेला. “अगं बाई... माझ्या जिभेला काही हाड!”

“असू दे हो. विनोद चांगला होता. आमचं हसण्याचं खातं सध्या बंद आहे.”

तासभर खपून तिने काठाला बांधलेल्या होडीचं कार्ड काढलं. आत सुखसमृद्धी, भरभराट वगैरे काही छापलेलं नाही, कोरं. डबा तीसचा होता. त्या रविवारी तिघांनी सह्या केल्या. सवयीने प्रत्येक कार्ड आईकडून उजवीकडे सरकायचं, तिथे खुर्ची रिकामी, मग तोफ हात लांब करून ओढून घ्यायची. तीस वेळा. कुणी खुर्ची हलवली नाही.

पाकिटांवर पत्ते तोफेने घातले. आत्याच्या पाकिटात तिने अस्वल घातलं. घालण्यापूर्वी एकदा उघडून बघितलं: हिरवी सही, खाली आडवी रेघ, तीही घाईत मारलेली. पाकिटं चिकटवायची मात्र आई. कोणत्या पाकिटात काय आहे ते एकदा ताडून, ओल्या स्पंजने कड पुसून, सकाळी कामावर जाताना ती पेटीत टाकायची. इतकी वर्षं तसंच चाललं होतं, तसंच झालं.

आठ दिवसांनी, संध्याकाळी सातला, फोन वाजला. बाबांनी नेहमीप्रमाणे हनुवटीने खूण केली. तोफेने उचलला.

“कार्ड मिळालं,” आत्या म्हणाली. आवाज धारदार होता. “होडी छान आहे. पण माझ्या पोराचं नाव कुठाय?”

तोफेने वळून बघितलं. आई इस्त्री करत होती. शर्टाच्या एकाच बाहीवर इस्त्री पुढे-मागे जात होती आणि आई वर बघत नव्हती.

“आई,” तोफेने फोनवर तळवा दाबला, “तू बदललंस?”

“तीसच आहेत,” आई म्हणाली. “त्याच्या हातच्या तीसच सह्या आहेत. एकोणतीस कशा करू?”

बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

“ऐकतेस का गं?” आत्या बोलतच होती. “भांडलात ना त्याच्याशी? घराबाहेर काढलंत? तुझ्या बापाचा स्वभाव मी लहानपणापासून ओळखते, एक घाव दोन तुकडे! सहा महिने पोरगा फोनवर येत नाही, मी काय दूधखुळी आहे? त्याला म्हणावं, आत्याचं घर आहे. खोली झाडून ठेवलीय. मी चालतेय आता, काठीसुद्धा नको. स्टेशनवर घ्यायला येईन.”

बाबा मान हलवत होते. नको. नको. तोफेला वाटलं, ‘आंघोळ करतोय’ म्हणणं किती सोपं आहे. जिभेच्या टोकावर तयारच होतं.

“आत्या, भांडण नाही झालं,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका लहान निघाला. “दादा गेला. कामावर पडला.”

“कधी?” आत्याने विचारलं.

“सात जूनला.”

आत्या रडत नव्हती. मनातल्या मनात ती महिने मोजत असावी.

“ऑगस्टात मी स्वेटर पाठवला,” आत्या सावकाश म्हणाली. “पलंगावर पडल्या पडल्या विणला होता. तू म्हणालीस, त्याला अगदी मापात बसला. खांदेसुद्धा.”

तोफ तसं म्हणाली होती. आणि खांद्यांचं तर कुणी विचारलंही नव्हतं. तिनेच वर लावलं होतं, खरं वाटावं म्हणून.

“त्याला पोचवायला मी नव्हते,” आत्या म्हणाली. “दे त्याला फोन. माझ्या भावाला दे.”

बाबांनी दोन्ही हातांनी फोन घेतला. “ताई,” ते म्हणाले. “ताई, मी येणारच होतो...” आणि थांबले. कानाला लावलेला फोन त्यांनी समोर धरून बघितला, बिघडला की काय अशा नजरेने. आत्याने ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सातला बाबांनी स्वतः नंबर फिरवला. तिसऱ्या दिवशीही. आता डेपोतून आले की हात धुतात आणि आधी फोनशी जातात. तोफ शेजारी उभी राहते, कारण आत्याने उचललाच तर पहिलं वाक्य आपण बोलायचं असं तिने ठरवलंय. ते वाक्य तिने पाठ केलंय, दोनदा बदललंय. पलीकडे घंटी वाजत राहते. आत्या घरातच असते, सातला ती कुठेच जात नाही.

बाबा मुद्दाम पूर्ण वाजू देतात.