घरट्यासमोरचा पडदा

कुंदनचा तो दुधीभोपळ्याएवढ्या लेन्सचा कॅमेरा दिसला की माझं डोकं फिरतं. मागच्या गल्लीतला हा पोरगा, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामाला आणि सुट्टीला शिकारी पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणारा. आमची लिंबायतची आख्खी वस्ती पडलेली असताना शिक्र्याच्या जोडीनं घरटं बांधलं ते आमच्या गच्चीला लागून असलेल्या निंबावर. म्हणून कुंदनचा मुक्काम आमच्या गच्चीवर. घरट्यात तीन पांढरी पिल्लं होती. सकाळी त्यांना बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नव्हता.

त्या दिवशी टिकल्या लावलेल्या साड्या शेठकडे पोचवून आले, तर घरट्यासमोरची भरगच्च फांदी तोडून खाली गल्लीत टाकलेली.

"पाला आडा येत व्हता, काकी," कुंदन खुशीत म्हणाला. "आते कसं क्लियर दिखस!"

दुपारी वैशाखाचं ऊन थेट घरट्यात उतरलं. मादी चोच वासून, पंख पसरून पिल्लांवर सावली धरत उभी राहिली. कुंदननं नेमका तोच फोटो काढला. त्याच्या ग्रुपवर लोकांनी डोळे पुसले म्हणे, काय ती आईची माया! माया कसली मेल्यांनो, तिचं छप्पर काढून घेतलंय तुम्ही! दुसऱ्या दिवशी एक पिल्लू मान टाकून पडलेलं दिसलं. मी ढसाढसा रडले.

मग उठले. नवऱ्याच्या लूमवरचं, अजून न रंगवलेलं कोरं ग्रे कापड घरात होतंच. दोन बांबू कठड्याला बांधले आणि ऊन येतं त्या बाजूनं पडदा ताणला. मादी किंचाळत अंगावर आली, कपाळावर नखं ओढून गेली. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. मी जिन्याच्या खिडकीशी येऊन उभी राहिले. ती परत आलीच नाही तर, या भीतीनं जीव टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळानं ती आली. पडद्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उरलेल्या दोघांपाशी, सावलीत, पंख मिटून बसली.

रविवारी कुंदन कॅमेरा घेऊन हजर. पडदा बघून भडकलाच.

"काकी, पाच मिनिट काढ ना! स्पर्धानी आज शेवटली तारीख शे. तुले काय समजस त्यामा?"

तोडलेली फांदी मी मुद्दाम वर आणून ठेवली होती. पार वाळली होती. ती त्याच्या हातात कोंबली आणि गच्चीच्या दारात आडवी उभी राहिले.

"पहिले ही फांदी झाडले परत जोडी दे. मंग काढसू पडदा."