खालच्या पुऱ्याचा फोन

मोहिनीचा फोन उघडला असता, तर जमादार रूपरावांच्या पदरात एका झटक्यात दोन गोष्टी पडणार होत्या. पहिली, दारूची केस. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे दारूची केस म्हणजे जमादाराच्या नोकरीची भाजीभाकर. नसली तर साहेब विचारतात, असली तर सोयरे विचारतात. दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी होती, आणि ती रूपरावांनी कागदावर कुठेच लिहिली नाही. खालच्या पुऱ्याचा यंदाचा नंदी कसा आहे, हे त्यांना तान्ह्या पोळ्याच्या आधी दिसणार होतं.

सेलू तालुक्यातल्या पिंपळझडीचे पुरे दोन, वरचा आणि खालचा. मधून एक नाली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी ओढत निघतात, तो तान्हा पोळा. लेकरांचे नंदी वीतभर असतात. पण पुऱ्याचा म्हणून एक मोठा नंदी असतो, चाकांवरचा, माणसाच्या छातीइतका उंच, आणि तो सजवतात मोठी माणसं, लेकरांच्या नावावर. ज्याचा नंदी देखणा त्याला ढाल. ही ढाल खालच्या पुऱ्यात इतकी वर्षं लटकून होती, की भिंतीवर तिच्यामागचा चुना अजून नवा होता.

रूपराव वरच्या पुऱ्याचे. पुढच्या उन्हाळ्यात रिटायर होणार, म्हणजे वर्दीतला हा शेवटचा तान्हा पोळा. वरच्या पुऱ्याच्या नंदीला त्यांनी स्वतः उभं राहून चांदीचा रंग मारून घेतला होता, डोळ्यांत लाल दिवे बसवले होते. ढाल कुठे टांगायची तो खिळादेखील ठोकून ठेवला होता. अडचण एकच. त्यांची बायको मनकर्णाबाई खालच्या पुऱ्याची. म्हणजे रूपराव खालच्या पुऱ्याचे जावई. तिथे त्यांना पाट मिळे, पुरणपोळी मिळे, दुपट्टा मिळे. ढाल तेवढी मिळत नसे.

यंदा खालच्या पुऱ्याच्या नंदीचा कारभार मोहिनीकडे होता. मोहिनी म्हणजे मनकर्णाबाईच्या भावाची लेक, ब्लाउज शिवायची, आणि गावातल्या सगळ्या बायकांची मापं तोंडपाठ असूनही तोंडातून एक बाहेर न जाऊ देणारी. तिनं नंदीची झूल तुकड्या-तुकड्यांत घरोघर वाटून दिली होती. कुठल्या घरी कुठला तुकडा, कुणाला ठाऊक नाही. शिवणाऱ्यालाही फक्त स्वतःचा तुकडा माहीत. अख्खी झूल कशी दिसणार, ते चित्र एकट्या मोहिनीच्या फोनात. एवढी खबर रूपरावांनी कष्टानं मिळवली होती. पुढची मिळत नव्हती.

अशात त्यांच्या कानावर आलं, की मोहिनीच्या घरून छनछन आवाज येतो. बाटल्यांसारखा. दारूबंदीच्या जिल्ह्यात छनछन ऐकून जमादार घरी बसला, तर तो जमादार कसला? रूपराव शिपाई मुकेशला घेऊन निघाले. चालताना पावलं जरा जास्तच हलकी पडत होती.

"या मामाजी, बसा. चहा ठेवू का?" मोहिनीनं शिलाई मशीन थांबवली.

"मामाजी घरी. आता जमादार आलो मी."

"मंग जमादाराले बिनसाखरेचा. साखर मामाजीले."

झडती झाली. ब्लाउज निघाले, अस्तरं निघाली, कुणाचा तरी अर्धा परकर निघाला. बाटली एकही नाही. रूपराव निघणार, तेवढ्यात मशीनच्या पायडलखाली काहीतरी लाल चमकलं. त्यांनी वाकून उचललं. इंग्लिश दारूच्या बाटलीचं झाकण.

"हे काय हाये?"

"झाकण."

"कशाचं?"

"बाटलीचं."

"अन् बाटली कुठं हाये?"

"आता ते मी काय सांगू, मामाजी? बाटल्या पकडाचं खातं तुमचं."

मुकेशनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. रूपरावांची नजर मशीनवर ठेवलेल्या फोनवर गेली, आणि तिथून हलेना.

"हा फोन जमा कर, मुकेश. सारा व्यवहार याच्यात असन. अन् तू उघड वो."

"नाई."

"काऊन नाई? लपवाले काही नसन, तं दाखवाले काय होते?"

"मामाजी, तुमी न्हाणीचं दार लावूनच आंघोळ करता ना? आतमंदी काय दारू गाळता का?"

 रूपराव फोन घेऊन चौकीवर आले.

फोन टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे बघत बसले. आधी मोहिनीच्या जन्माचं साल टाकून पाहिलं. मग तिच्या लग्नाचं. मग, भाचीचं आपल्याकडे किती लक्ष असतं हे आठवून, स्वतःच्या मोटरसायकलचा नंबर टाकला. फोननं शांतपणे लिहून दाखवलं, की थोड्या वेळानं प्रयत्न करा. खाकीतल्या माणसाला 'थोड्या वेळानं या' म्हणणारा पिंपळझडीतला तो पहिलाच. आजवर तो डायलॉग चौकीचा होता.

घरी जेवतानाही रूपराव मनातल्या मनात आकडे टाकून पाहत होते. मनकर्णाबाईनं ताटात भाकर टाकली. तिच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"बोटाले काय झालं?"

"सुई टोचली. पोळ्याच्या माळा करून राह्यली ना."

"जपून करत जा," रूपराव म्हणाले आणि पुन्हा फोनाच्या विचारात गेले. दिवसभर तपास करून माणूस थकतो; घरी आल्यावर आणखी कुठे तपास करणार!

दुसऱ्या दिवशी गावित मॅडम आल्या. फौजदार होत्या, नंदुरबारच्या, नुकत्याच बदली होऊन आलेल्या, इथला पोळा त्यांनी अजून पाहिला नव्हता. त्यांनी फोन उलटापालटा केला.

"हा उघडायचा आहे? मग कारण लेखी द्या, जमादार. आणि फोनात नेमकं काय शोधायचंय, तेही लिहा. उगाच कुणाच्या घराचं अख्खं कपाट उपसायचं नसतं."

रूपरावांनी पेन उचललं. 'दारू' लिहिलं. पेन थोडं पुढे सरकलं आणि तिथेच थांबलं. 'नंदी' हा शब्द कुठल्या कलमात बसवावा?

मोहिनीला बोलावलं होतंच. ती म्हणाली, "मॅडम, मी उघडीन. मले काही भेव नाई. पण पंच असे पाह्यजे, जे वरच्या पुऱ्याचे नाई अन् खालच्या पुऱ्याचेई नाई. नाई तं आमचा नंदी आजच बोंबलला समजा."

"रास्त आहे," मॅडम म्हणाल्या. "जमादार, दोन तटस्थ माणसं आणा."

सोपं काम. रूपराव टोपी घालून निघाले.

आधी प्रेमदास मास्तर. शाळेतून रिटायर झालेले, गावात भांडण झालं की दोन्हीकडचे त्यांच्याकडे जात. मास्तर म्हणाले, "येतो ना. पण आधीच सांगून ठेवतो जमादार, तुमच्या नंदीच्या डोळ्यातले दिवे माह्या पोरानं बसवले अन् त्यायच्या नंदीचे चाकं मी. मले दाखवसान तं मी दोन्ही डोळ्यानं पाहीन अन् दोन्ही पुऱ्यात सांगीन."

मग सलूनवाला नत्थू. "माह्या खुर्चीवर दोन्ही पुऱ्याचे डोके येतात, साहेब. वस्तरा फिरत असला का माह्यं तोंड आपोआप चालते. मले नका बोलावू, माह्यं इमान नाई राहाचं."

बँकेतला पोरगा नागपूरचा, त्याला या गावाशी काय देणंघेणं! रूपराव मोठ्या आशेनं गेले. तो हात पाठीमागे धरून उभा राहिला. "नंदी? मला काहीच माहीत नाही हो." घरमालकीण त्याची खालच्या पुऱ्याची. आणि पाठीमागच्या त्याच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, हे समोर उभ्या रूपरावांना कसं दिसणार?

शेवटी त्यांनी मोटरसायकल काढली आणि थेट जामच्या चौकात गेले. तिथे हायवेवर जगातली सगळी तटस्थ माणसं ट्रक थांबवून चहा पितात. पंजाबचा एक ड्रायव्हर भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. "नंदी देखने को मिलेगा? तो रुको साहब, मैं अपने भाई को भी बुला लेता हूँ." पाठोपाठ आणखी चौघं उठले. रूपराव तसेच परत फिरले. एवढ्या पंचांसमोर फोन उघडायचा, तर तिकीटच लावावं लागलं असतं.

संध्याकाळी चौकीत येऊन ते खुर्चीत पडले. "मॅडम, या गावात तटस्थ माणूस पैदाच होत नाई."

"मी चालेन का?" गावित मॅडमनी मोहिनीला विचारलं.

"तुमचा पुरा कोनता?"

"नंदुरबार."

मोहिनीनं क्षणभर त्यांना माप घेतल्यासारखं पाहिलं. "या मंग आतमंदी. पण मी दाखवीन तेवढंच पाहाचं. बाकीच्यात माह्या गिऱ्हाइकायचे मापं हायेत."

दार लागलं. रूपराव बाहेर. आधी काहीच ऐकू येईना. मग मॅडमचा आवाज आला, "हे सगळं? इथलंच?" मग हसणं. थांबलं. पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी टेबलावर हात आपटल्याचा आवाजही आला. रूपराव दाराला इतके चिकटले होते, की दार उघडलं तेव्हा अर्धे आत गेले.

मॅडम डोळे पुसत बाहेर आल्या. "फोन परत द्या, जमादार. दारूविक्रीचं यात काही नाही."

"अन् दुसरं काय होतं, मॅडम?"

"ते मी सांगणार नाही. तिनं विश्वासानं दाखवलं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "पण तुमच्या बीटाचं काम दिसलं त्यात. असं काम मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं."

रूपरावांची छाती दोन बोटं वर आली. घरी जाऊन त्यांनी मनकर्णाबाईला ते वाक्य दोनदा ऐकवलं. ती चिंध्या बांधलेल्या हातानं तोंडावर पदर धरून ऐकत होती. नवऱ्याच्या कौतुकानं बाईचे डोळे भरून आले, असं रूपराव समजले.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मैदान भरलं. वरच्या पुऱ्याचा चांदीचा नंदी आला. डोळे लाल पेटले. लेकरं ओरडली. रूपरावांनी वर्दीत, मिशीला पीळ देऊन, नात काजलला खांद्यावर घेतलं. ढाल आता खिळ्यावर लटकल्यातच जमा होती.

मग नालीकडून आवाज आला. छन छन छन.

खालच्या पुऱ्याचा नंदी मैदानात आला आणि उन्हात पेटला. वशिंडापासून खुरापर्यंत झूल, आणि ती अख्खी झूल बाटल्यांच्या झाकणांची. लाल, सोनेरी, निळी, हिरवी. प्रत्येक झाकणाला भोक पाडून शिवलेली. नंदी एक पाऊल पुढे सरकला की हजार घुंगरांचा आवाज. लेकरांनी दोर हिसडला, तशी झूल मोरासारखी थरथरली. मैदानाच्या तोंडून एकच 'बाप्पाऽ' निघालं.

प्रेमदास मास्तरांनी माइक घेतला. "मंडळी, एकही झाकण बाहेरगावचं नाई. सारं आपल्याच गावात लेकरायनं येचलं. दारू बंद हाये ना आपल्याकडं! पट्टीवर जागेचं नाव शिवलं हाये. ही पट्टी शाळेमागची. ही बाजाराची. अन् ही वशिंडावरची सर्वात मोठी, सोनेरी," मास्तर जरा थांबले, "चौकीच्या मागच्या भिंतीजवळची."

मैदान हसलं, ते थांबेचना. मॅडम रुमालात तोंड घालून हसत होत्या. 'तुमच्या बीटाचं काम' म्हणजे कोणतं काम, ते रूपरावांना आत्ता दिसलं, उन्हात, सोनेरी अक्षरांत. आणि मोहिनी पुढे होऊन हात वर करून झडती, म्हणजे पोळ्याचं टोमण्याचं गाणं, म्हणाली:

"चौकीवर गेला नंदीचा फोन,
त्याचं कुलूप उघडे कोन?
जमादार म्हने उघड, मॅडम म्हने थांब,
दाराले चिकटला खाकी खांब!
एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव!"

रूपराव रागावणार होते. तशी तयारीही झाली होती, मिशी थरथरली होती. पण काजल त्यांच्या खांद्यावर टाळ्या पिटत होती, "आबा, पाहा ना, कसा नाचते!" आणि नंदी खरंच नाचत होता. रूपरावांनी वाकून ती सोनेरी पट्टी जवळून पाहिली. टाके बारीक, दुहेरी, कडेला उलटी टीप. असे टाके त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या कॉलरला होते. त्यांनी मान वर केली. मनकर्णाबाई नंदीच्या पलीकडे, चिंध्यांची बोटं पदरात लपवून, आभाळाकडे बघत उभी होती.

"म्हंजे हा तुकडा माह्या घरात होता?"

"दिवाणाखाली," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी इचारलं नाई."

तेव्हा रूपराव हसले. पोटातून, टोपी पडेपर्यंत. काखेत कळसा आणि जामला वळसा. हसण्यावाचून दुसरा इलाज तरी काय होता?

आता हिशेब. ढाल खालच्या पुऱ्यात राहिली. वरच्या पुऱ्याचा खिळा वाया गेला. त्याला आता रूपरावांची टोपी असते. मोहिनीची एक दिवसाची गिऱ्हाइकी बुडाली, ती तिनं झडतीत वसूल केली. मॅडमना फुकट करमणूक झाली, आणि जमादाराच्या नावे एक हुकूमही निघाला: झुलीवर शिवलेल्या प्रत्येक जागेवर रोज एक फेरी, चौकीच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात. बाकी सगळं रूपरावांकडे आलं. तान्ह्या पोळ्याला लेकरू नंदी घेऊन दारात आलं की त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, ठेवावा लागतो, आणि जावयाकडून सासुरवाडीची लेकरं तो सोडत नाहीत. त्या संध्याकाळी खालचा पुरा अख्खा आला. रूपराव देत गेले, खिसा उलटा करून देत गेले, शेवटी मुकेशकडून हातउसने घेऊन दिले.

रांग संपली असं वाटून ते दार लावणार, तर शेवटी मनकर्णाबाई उभी. हातात काजलचा वीतभर नंदी, आणि तळहात पुढे.

तिचा बोजारा बाकी आहे.