शोभेचा दिवा

शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना. थोरलीने पाना दोन्ही हातांनी धरला, एक पाय भिंतीला टेकवला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला, तेव्हा कुठे तो सुटला. साखळीला टांगलेलं इंजिन जरासं डोललं. मिस्त्रींनी खालून हात लावून ते थोपवलं.

"तुटला असता म्हणजे?" ते म्हणाले. "आधी तेल सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मग जोर. चाळीस वर्षं थांबलंय ते, ताई. पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं?"

थोरलीने बोल्ट पुसला, प्लास्टिकच्या बाटलीत टाकला आणि वर चिठ्ठी चिकटवली: तेलाचं चेंबर, मागचा डावा. बाटल्या तिच्या लॅबमधल्या होत्या, लघवी तपासायच्या, कोऱ्या. शेडच्या फळीवर अशा तीनशेच्या वर बाटल्या रांगेने उभ्या होत्या. धाकटा भाऊ आला की त्यांच्याकडे बघून विचारायचा, "काय गं, गाडीला साखर निघाली का?"

शेहेचाळिसाव्या वर्षी तिने हा उद्योग अंगावर घेतला होता. त्याआधी तिने साधं चाकही बदललेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तिने गंज न काढताच दारावरच्या खड्ड्यांत लांबीची लुगदी भरली आणि ती सगळी पुन्हा खरवडून काढावी लागली. दुसऱ्या महिन्यात वायरी अशा जोडल्या की हॉर्न दाबला की वायपर हलायचा. पण बाई चिवट होती. दर रविवारी सकाळी आठला बाह्या वर सारून ती शेडमध्ये हजर. गाडी दोनच सीटची, लांब नाकाची, बाबांनी तरुणपणी हौसेने घेतलेली. थोरली सहा वर्षांची असताना ती बंद पडली आणि तेव्हापासून ताडपत्रीखाली होती.

बाबा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांना शिकवायला आवडायचं आणि शिकवायचेही छान. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, ही त्यांची पद्धत. "ठिपका म्हणजे माझी सही," ते म्हणत. "ठिपका दिसला की समजायचं, याला माझा हात लागलाय, आता बघायची गरज नाही." थोरलीनेही हिरव्या रंगाची डबी आणली होती.

इंजिनाबाबत मात्र त्यांचा निकाल एकच होता. "ते उघडू नकोस. मेलंय ते. तसंच्या तसं भंगारात दे आणि दुसरं आणून बसव."

आज धाकटा त्यांना डोळे तपासायला घेऊन गेला होता, म्हणून थोरलीने मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. बाबांचा शब्द मोडायचा म्हणून नाही. तिला फक्त एकदा आतून बघायचं होतं. आईने नेमकं काय करून ठेवलं होतं ते.

कारण इंजिन आईने बंद पाडलं, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो किस्सा बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि पाहुणा जुना असला तरी सांगत. बावीस किलोमीटरवरच्या शाळेत आईला चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती. तिकडे बस जात नव्हती, म्हणून ती गाडी शिकली. बाबांनी रजा काढून इंजिन सगळं खोलून नव्यासारखं करून दिलं. पहिल्या दिवशी आई एकटी निघाली आणि चौदाव्या किलोमीटरला इंजिनाने राम म्हटला. ती दुधाच्या ट्रकमधून तीन तास उशिरा शाळेत पोचली. इथे बाबा थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "समोर तेलाचा लाल दिवा पेटलाय. तर बाईसाहेब म्हणतात कशा, मला वाटलं, तो शोभेचा आहे!"

लोक पोट धरून हसत. आईही हसायची. नोकरी अर्थातच गेली, कारण गाडी नाही तर जायचं कसं? त्यानंतर ती कधी चाकामागे बसली नाही.

मिस्त्रींनी चेंबरच्या कडेला पट्टी घालून हलकेच ठोकलं. चेंबर खाली आलं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून बघितलं.

"कोरडं आहे," थोरली म्हणाली. "म्हणजे खरंच तेल नव्हतं."

"कोरडं नाही, पुसलेलं आहे." मिस्त्रींनी आतून बोट फिरवून तिला दाखवलं. "तेलाशिवाय फिरलेल्या इंजिनाचं चेंबर असं नसतं. राळ बसलेली असते. आणि हे पॅकिंग बघा. कोरं करकरीत. याला तेलाचा थेंब लागलेला नाही. इंजिन जाम झाल्यावर हे कुणीतरी उघडलं, पुसलं आणि परत बंद केलं."

"कुणी?"

मिस्त्री बॅटरीच्या उजेडात वर बघायला लागले. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी जाळी होती. तिच्या कडेच्या फटीत त्यांनी चिमटा घातला आणि ओढला. काळी, चिकट, हातभर लांब चिंधी बाहेर आली. कडा फाटलेल्या होत्या.

"हे घ्या. हिनेच घात केला."

"चिंधी आत कशी जाईल?"

"इंजिन उघडं असलं की भोकांत चिंध्या कोंबतात, नट आत पडू नये म्हणून. मोजून घालायच्या आणि बंद करताना मोजून काढायच्या. एक राहिली. मग ती खाली पडते, तेलात फिरते आणि दहा-पंधरा किलोमीटरने जाळीवर बसते. चेंबर तेलाने भरलेलं असलं तरी इंजिनाला एक थेंब मिळत नाही." मिस्त्रींनी हात पुसले. "ज्याने नंतर उघडलं त्याला ती दिसली होती. हाताला लागली तेवढी त्याने फाडून काढली. आतली राहिली."

थोरलीने चिंधी रॉकेलच्या डब्यात बुचकळली, पिळली, परत बुचकळली. काळ्याखालून पिवळा रंग वर आला आणि त्यावर एक निळं बदक. या बदकांचा तिचा एक फ्रॉक होता. तो फाटल्यावर आईने त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

मग ती फळीकडे गेली. चेंबरच्या बाटल्या चौदा होत्या. तिने एकेक उचलून बघितली. चौदाही बोल्टांच्या डोक्यावर हिरवा ठिपका होता.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. थोरलीने चिंधी टेबलावर ठेवली. आईने चष्मा सारखा केला.

"अगं, बदकं! तुझा फ्रॉक. कुठे सापडला?"

थोरलीने सांगितलं. लॅबमध्ये पेशंटला रिपोर्ट सांगतात तसं, काही न वाढवता आणि काही न गाळता. चिंधी, जाळी, कोरं पॅकिंग, चौदा ठिपके. आईचे हात मटार सोलत राहिले. मध्येच तिने दाणे टरफलांच्या ताटात टाकले आणि टरफलं दाण्यांच्या भांड्यात.

"मी गाडी थांबवली होती," ती म्हणाली. "दिवा लागल्या लागल्या. बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. त्यांनी शिकवलं होतं अगदी तस्सं. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं."

"मग तो शोभेचा दिवा?"

"मी कुठे म्हटलं होतं तसं? ते त्यांनीच नंतर जोडलं. चांगलं वाटतं ना ऐकायला." आईने एक दाणा उचलून भांड्यात टाकला. "संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, तेल होतं म्हणून. तर म्हणाले, तुला पट्टी वाचता आली नाही. मला वाटलं, नसेल आली."

"आणि तू हसायचीस गं दर वेळी!"

"सगळे हसत असायचे. मी एकटीने तोंड पाडून बसायचं?"

थोरलीला बाबांचा संताप आला. इतका, की आत्ता समोर असते तर तिने ती चिंधी त्यांच्या अंगावर फेकली असती. पण त्या संतापाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त बोचत होतं. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःची गाडी घेतली, तेव्हा आईने सगळ्यांदेखत तिला विचारलं होतं, "मला पुन्हा शिकवशील का गं?" आणि थोरली म्हणाली होती, "नको बाई, माझं इंजिन अजून नवीन आहे." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसली ती आईच. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

"मी बाबांना विचारते," थोरली म्हणाली. "आज आल्या आल्या विचारते."

"नको. काही बोलू नकोस." आईने चिंधी उचलली आणि घडी घातली. "तू आधी गाडी चालू कर."

बाबा डोळ्यांत औषध घालून आले, तेव्हा इंजिन खाली उतरवलेलं होतं. त्यांनी चाहूल घेत विचारलं, "उघडलंस?"

"हो."

"काय निघालं?"

"काही नाही. जाम झालंय."

"मी म्हटलंच होतं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत जरा सैलावून बसले. त्या आठवड्यात त्यांनी तो किस्सा दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा जास्त रंगवून सांगितला.

आईने चिंधी तीनदा धुतली. तेलाचा डाग काही गेला नाही, पण बदकं स्वच्छ दिसायला लागली.

इंजिन सुधारायला चार महिने गेले. पिस्टन नवे आले, बेअरिंगं नवी आली. चेंबर बसवताना थोरलीने चिंध्या मोजून घातल्या, मोजून काढल्या आणि तरीही पुन्हा आत बॅटरी मारून बघितलं. हिरवा ठिपका तिने एकाही बोल्टला दिला नाही. बाबांनी विचारलं, तर रंग वाळला म्हणाली.

गाडी चालू करायच्या दिवशी धाकटा बायको-मुलीला घेऊन आला. शेजारी आले, मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले. गाडी अंगणात उभी होती, गडद लाल. एका दारावर लांबी अजून थोडी वरखाली दिसत होती, पण ती ज्याला माहीत होती त्यालाच. बाबांनी केस चापून बसवले होते. थोरलीने किल्ली हातात घेतली, तेवढ्यात आई पुढे आली, दार उघडून चाकामागे बसली आणि तिने हात पुढे केला. थोरलीने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"अरे बापरे!" धाकटा ओरडला. "मिस्त्री, पळा! चार महिन्यांची मेहनत गेली!"

सगळे हसले. बाबांना आयतीच संधी मिळाली. गाडीच्या टपावर हात ठेवून ते शेजाऱ्यांकडे वळले.

"तुम्हाला सांगतो, ही निघाली ऐटीत. चौदाव्या किलोमीटरला..."

आईने पर्समधून चिंधी काढली आणि समोरचे काटे पुसायला घेतले. वेगाचा काटा पुसला, पेट्रोलचा पुसला. मग तेलाच्या लाल दिव्याची इवलीशी काच ती बोटाने दाबून, गोल गोल पुसत राहिली.

"...समोर दिवा पेटलाय," बाबा म्हणत होते. त्यांनी खाली वाकून आईकडे बघितलं. "तर बाईसाहेब..."

ते थांबले. नेहमी थांबायचे तसेच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. सगळे हसायच्या तयारीत उभे होते. धाकट्याच्या आठ वर्षांच्या लेकीला एवढा धीर कुठला!

"मला वाटलं, तो शोभेचा आहे!" ती ओरडली आणि टाळ्या पिटत हसली. तिच्या मागोमाग शेजारी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांचा हात टपावरून निघाला होता आणि कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

"अहो, पुढचं सांगा ना," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, चहा आणू का विचारतात तसा. "गाडी ओढून घरी आणली. मग तुम्ही काय केलंत?"

"पुढचं काय..." बाबा म्हणाले. त्यांनी थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान फिरवली नाही, तेव्हा त्यांनीच फिरवली. "ऊन फार आहे," ते म्हणाले. "पाणी आणा रे कुणी."

धाकटा पाणी आणायला धावला. आईने किल्ली फिरवली. लाल दिवा पेटला. इंजिन दोनदा खाकरलं, मग एकदम सुरू झालं आणि दिवा विझला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री डोळे मिटून आवाज ऐकत होते आणि मान डोलवत होते.

"चल की मग!" आतून पाणी घेऊन आलेला धाकटा म्हणाला. "ने फिरवून!"

आईने दोन्ही हात चाकावर ठेवले. मग एक हात काढून गिअरच्या दांड्यावर ठेवला, मग परत चाकावर. थोरली दुसऱ्या बाजूने आत येऊन बसली, तेव्हा आई खाली स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"क्लच कुठला गं?" तिने विचारलं. इतक्या हळू, की इंजिनाच्या आवाजात ते फक्त थोरलीलाच ऐकू गेलं. "डावीकडचा ना?"

"हो," थोरली म्हणाली. "डावीकडचा."

आईने पाय उचलला आणि डावीकडच्या पेडलवर ठेवला. दाबला मात्र नाही. इंजिन चालू होतं आणि अंगणातले सगळे गाडी निघायची वाट बघत उभे होते.