घाम येणारा फ्रिज

"आधी रबर बघ, रबर," ताई खुर्चीतूनच म्हणाली. "दार आपटून आपटून सैल झालं असणार. कितीदा सांगितलं मी हिला!"

ही म्हणजे ताईची सून. ती खिडकीपाशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

फ्रिजपुढे गुडघे टेकून बसलेल्या भावाने खिशातून कागदाची पट्टी काढली, दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. रबर ठणठणीत होतं. ते तसंच असणार, हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. तरीही त्याने चारही बाजूंना पट्टी लावली आणि दरवेळी गंभीरपणे डोकं हलवलं. नाटक करायची सवय नव्हती, त्यामुळे कान मात्र तापले होते.

तो फ्रिजच्या कारखान्यात, चाचणीघरात एकवीस वर्षं होता. बंद खोलीत फ्रिज लावायचा, आत तापमान मोजणाऱ्या तारा सोडायच्या आणि चोवीस तासांत तो किती वीज खातो ते नोंदवायचं, हे त्याचं काम. अर्ध्या अंशासाठी तो इंजिनीयरांशीही भांडे. त्यामुळे कारखान्यात त्याचं नावच 'थर्मामीटर' पडलं होतं, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या नव्या फ्रिजला वीजबचतीचे पाच तारे मिळाले, ते त्याच्याच सहीने. चाचणीला आलेला फ्रिज खरोखर गुणी होता. भिंतींमधला फोम जाडजूड, थंडावा आतल्या आत राहायचा. पुढे विक्रीचा माल बनायला लागला तेव्हा तोच फोम पातळ झाला. आत जागा वाढली, कारखान्याचा खर्च वाचला. खरं तर पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती. "अहो, बाहेरून तोच फ्रिज आहे ना?" साहेब म्हणाले. "सगळेच करतात." जुन्या आकड्यांखाली नवी तारीख पडली आणि तारखेखाली थर्मामीटरची सही. अर्ध्या अंशासाठी भांडणारा माणूस त्या दिवशी मूग गिळून बसला.

आणि ताईने नेमका तोच फ्रिज घेतला. त्याला न विचारता. घरी आणल्यावर मग फोन केला, "तुझ्या हातचा आणला रे! पाच ताऱ्यांवाला." तेव्हा तो म्हणाला होता, "छान केलंस."

"बघ, बाहेरून कसा घाम फुटलाय त्याला," ताई म्हणाली. फ्रिजची बाजू खरंच ओली होती. "विजेचं तर विचारूच नकोस. पण म्हटलं, माझ्या भावाने तपासलेली वस्तू, ती कशी वाईट असेल? वापरणाऱ्यालाच अक्कल नको? म्हणून नियम केलाय. दिवसातून चारदा दार उघडायचं, बस. काल हिने पाचव्यांदा उघडलं, तेव्हा चांगली फैलावर घेतली."

वाया जाणाऱ्या विजेचा विचार त्याच्या मनात कितीदा तरी येऊन गेला होता. या मुलीचा कधीच आला नव्हता.

एवढ्यात बाळ कुरकुरलं. सून उठली, त्याच्या बाजूने वाकली. दार वीतभरच उघडून तिने फटीतून हात घातला, आत न बघताच दुधाचं भांडं आणि औषधाची बाटली एका खेपेत बाहेर काढली आणि कोपराने दार लावून टाकलं. सगळं मिळून दोन सेकंद. मग ती दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेली. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिचं काही चुकत नाही. फ्रिजच तसा आहे. मला माहीत होतं. खोट्या आकड्यांवर मी सही केलीय."

ताईने चटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल! तिच्या कानावर जायला नको. काय किंमत राहील तुझी?"

"आणि तू तिला बोललीस, त्याचं काय?"

"ते माझं मी बघेन. चार शब्द ऐकून घेतले म्हणून झिजली नाही ती. तू आपला रबर सैल होतं म्हणून सांग."

सून वाटी घेऊन बाहेर आली. रबर सैल होतं म्हणायचं, पट्टी खिशात घालायची आणि चहा घेऊन घरी जायचं. सोपं होतं. तो गुडघ्यांवर हात रेटून उठला आणि त्याने फ्रिजचं दार सताड उघडलं.

"सूनबाई, हे दार तू हवं तेव्हा, हवं तेवढं उघड. खोट फ्रिजमध्ये आहे. आणि ती मी लपवली."

ती बाळाजवळ बसली. चमचा वाटीत फिरवत राहिली.

"ठाऊक आहे मला, मामा."

"म्हणजे?"

"बाळाच्या वेळी मी तीन महिने माहेरी होते. इथे घरात आई एकट्याच. तरी युनिटं तेवढीच. बिल माझ्याच मोबाइलवर येतं ना."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर ऐकून घेत राहिलीस?"

"कसं बोलणार?" तिने सासूकडे पाहिलं नाही. "आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, जग इकडचं तिकडे होईल, पण माझा भाऊ खोट्यावर सही करणार नाही. एवढी एकच गोष्ट त्या इतक्या कौतुकाने सांगतात."

ताई मांडीवरचा पदर उगाच सारखा करत होती. त्याला वाटलं, निदान एकदा या पोरीच्या नजरेला नजर द्यावी. ते काही त्याला जमलं नाही. फ्रिजचं दार तसंच उघडं होतं, आतली हवा पायांवर येत होती, आणि ते लावायला तिघांपैकी कोणीच हललं नाही.